शिकवणाऱ्याच्या घरी

सत्यवतीबाईंनी हातातली छत्री पंचांच्या टेबलावर आडवी आपटली, तसे समोरचे कागद हलले आणि बोलणं थांबलं.

"पुन्हा एकदा म्हणा, पद्माकरराव. मला नीट ऐकू आलं नाही."

त्यांना उत्तम ऐकू आलं होतं. कॅन्टोन्मेंटातल्या मुलींच्या मिशन शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती, शेवटची अकरा हेडमिस्ट्रेस म्हणून, आणि मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा त्यांच्या कानातून सुटत नसे. पण हे वाक्य पद्माकररावांनी साऱ्या पंचांसमक्ष, आपल्या डोळ्यांत बघून दुसऱ्यांदा म्हणावं, असा त्यांचा हट्ट होता.

पद्माकररावांनी ते म्हटलं. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बसवनगुडीत घर बांधलेले, ख्रिस्ती मंडळीचे सर्वांत जुने पंच. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि सत्यवतीबाईंना सगळ्यांत जास्त राग त्याचाच येई.

"मी इतकंच म्हणालो अक्का, की देवाप्पाला ग्रीक येतं ह्याबद्दल वाद नाही. आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. पण वर्ग चालवायचा म्हणजे नुसतं ग्रीक येऊन भागत नाही. घराला एक वळण असावं लागतं. चार पिढ्यांचं."

"प्रेषित पौलाच्या घरी किती पिढ्यांचं होतं?"

"स्वल्प थांबा, अक्का. उगाच शब्दाला शब्द..."

"नाही थांबत."

एकोणीसशे सत्तावन्न सालचा मे महिना होता. बंगलोरच्या मराठी मंडळीत तेव्हा जेमतेम बावीस घरं होती. त्यांतली अर्धी देशस्थांची. पणजोबा-खापरपणजोबांनी कधीकाळी बाप्तिस्मा घेतलेला, पण आडनावं आणि बोलण्यातली ऐट जशीच्या तशी राहिलेली. पद्माकरराव त्यांतले, सत्यवतीबाईही त्यांतल्याच. उरलेली अर्धी घरं पलटणीबरोबर आलेल्यांची. त्यांचे आजे पलटणीच्या घोड्यांची खोगिरं शिवत. मंडळीला स्वतःचं चर्च नव्हतं. एका तमिळ मंडळीचं चर्च रविवारी दुपारी दोन तासांपुरतं मिळे. तिथे देशस्थ उजव्या हाताच्या बाकांवर बसत आणि खोगीरवाले डाव्या. कोणी कुठे बसायचं हे कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि कधी कुणी चुकलंही नव्हतं.

ह्या मंडळीत रेव्हरंड विश्वेश्वर नऊ वर्षं दर बुधवारी संध्याकाळी ग्रीकचा वर्ग घेत आले होते. त्यांना कुणाला पंडित करायचं नव्हतं. ते म्हणत, शास्त्र मराठीत वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीच्या शब्दांवर मन पेंगतं. मुळातल्या ग्रीकमध्ये एकेक शब्द चाचपत जावं लागतं, म्हणून ते जागं राहतं. दरवर्षी फिरून फिरून ते एकाच वचनापाशी येत. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेलं ते वचन: जगाच्या साच्यात बसू नका, मनच नवं होऊन तुमचं रूप पालटू द्या, अशा अर्थाचं. आणि एक रिवाज त्यांनी घालून दिला होता. बुधवारी चर्च मिळत नसे, म्हणून वर्ग शिकवणाऱ्याच्या घरी भरायचा, आणि धडा संपला की त्याच घरची कॉफी सगळ्यांनी घ्यायची. आपलं घर उघडं ठेवणं हाही धड्याचाच भाग, असं त्यांचं म्हणणं. आता बहात्तराव्या वर्षी ते नगरला मुलीकडे राहायला चालले होते, आणि आपल्यामागे वर्ग देवाप्पाने घ्यावा, असं पत्र त्यांनी पंचांना लिहिलं होतं.

देवाप्पा खोगीरवाल्यांपैकी, एका छापखान्यात जुळारी होता, छपाईसाठी शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवणारा. धर्मशिक्षणाच्या कॉलेजची पुस्तकं त्या छापखान्यात छापली जात, त्यामुळे ग्रीक अक्षरांचे खिळे त्याच्या हाताखालून आधी गेले आणि ती भाषा नंतर आली. वर्गात पहिल्यांदा आला तेव्हा रेव्हरंड साहेबांनी त्याला फळ्यावर मनासाठी असलेला शब्द लिहायला सांगितला, 'नूस'. त्याने खडू घेतला आणि शब्द उजवीकडून डावीकडे, एकूण एक अक्षर उलटं, असा लिहून काढला. खिळ्यावर अक्षर उलटंच असतं, आणि त्याने ती अक्षरं खिळ्यांवरच शिकलेली. वर्ग खो खो हसला. सत्यवतीबाई उठल्या, शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या, वसुमतीच्या पर्समधला हातआरसा घेतला आणि फळ्यासमोर धरला. आरशात शब्द अचूक होता, वरच्या बारीक चिन्हासकट. "आता ह्यात हसण्यासारखं काय आहे ते मला दाखवा," त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून देवाप्पाला त्या आपला विद्यार्थी समजत, जरी त्याला शिकवलं त्यांनी कधीच काही नव्हतं.

"साहेब," त्या आता रेव्हरंड विश्वेश्वरांकडे वळल्या, "पत्र तुमचं आहे. तुम्ही बोला."

साहेबांनी चश्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. "माझं मत मी लिहून दिलंय, बाई. पुढे पंच ठरवतील ते."

सत्यवतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं ज्या माणसाने मन पालटण्यावर तास घेतले, त्याला काचा पुसायला नेमकी हीच वेळ सापडावी! पंचांपैकी एकजण छताकडे बघत होता, दुसरा घड्याळाला किल्ली देत होता.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "देवाप्पा वर्ग घेणार नसेल तर माझं नाव मंडळीच्या वहीतून काढा. आत्ता, माझ्यादेखत. आणि कारण लिहा. मला कारण वाचायचंय."

कारण लिहायची तयारी कुणाचीच नव्हती. पद्माकररावांनी जरा वेळाने वाट काढली. सरी, ठीक आहे, देवाप्पाने शिकवावं. पण त्याचं घर कृष्णराजपुरमला, सहा मैलांवर, रेल्वे स्टेशनच्या पलीकडे. तिथे म्हातारी माणसं कशी जाणार? त्यापेक्षा त्यानेच बसवनगुडीला यावं. आमचा व्हरांडा मोठा आहे. फळाही आहे.

"व्हरांडा," सत्यवतीबाई म्हणाल्या. "म्हणजे शिकवायला चालेल, पण घराच्या आत नाही?"

"तसं नव्हे, अक्का."

"तसंच आहे. वर्ग शिकवणाऱ्याच्या घरी भरतो. नऊ वर्षं भरला. साहेबांच्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढून जात होतो ना सगळे, तेव्हा कुणाचे गुडघे दुखले नाहीत. आता देवाप्पाच्या घरी जायचं. त्याच्या घरी बसायचं आणि त्याच्या घरची कॉफी घ्यायची."

कॉफीचा उच्चार होताच टेबलाभोवतालच्या नजरा कागदांकडे वळल्या. खरी अडचण कुठे होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती बोलून दाखवण्याचा असभ्यपणा सत्यवतीबाईंनी केला होता.

शेवटी ठरलं ते असं: जून महिन्याचे चार बुधवार बघायचं. लोक आले तर वर्ग देवाप्पाकडे राहील. नाही आले तर लोकांना तो नको आहे असं धरायचं आणि वर्ग बंद.

"लोक मी आणते," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी छत्री उचलली.

पुढचे आठ-दहा दिवस त्या घरोघर हिंडल्या. उजव्या बाकांवरचं एक घर सोडलं नाही. देवाप्पाच्या लोकांना सांगावं लागणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पण त्यांतले बहुतेक कारखान्यांत पाळीवर, बुधवारी संध्याकाळी मोकळे नसत, आणि ज्यांना वेळ होता ते म्हणाले, आधी तुमचे लोक येऊ देत बाई, मग आम्ही येतो. हेही सत्यवतीबाईंना लागलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. देशस्थांच्या घरांत मात्र त्यांनी कुणाला सोडलं नाही. रोमच्या मंडळीला पौल काय लिहितो ते ऐकवलं, चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी आपण सगळे एका प्याल्यातून द्राक्षारस पितो तेव्हा तुमची घराणी कुठे असतात असं विचारलं, आणि एका घरी तर त्यांनी वाढलेलं ताट तसंच ठेवून निघून जाण्याची धमकी दिली. सगळे हो म्हणाले. हो म्हणायला कुणाचं काय जातं? वसुमती तर म्हणाली, "अय्यो, मी नाही येणार असं वाटलं कसं तुला?" वसुमती त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. नऊ नावं झाली. सत्यवतीबाईंनी देवाप्पाला कार्ड टाकलं की दहाजणांची तयारी ठेव.

बुधवारी सकाळी वसुमतीची चिठ्ठी आली. गुडघे. दुपारी आणखी दोन निरोप आले. संध्याकाळी चारच्या पॅसेंजरला कॅन्टोन्मेंट स्टेशनवर भेटायचं ठरलेलं. सत्यवतीबाई पावणेचारला जाऊन बाकावर बसल्या, आणि गाडी आली तेव्हाही बाकावर त्या एकट्याच होत्या.

गाडीत त्यांना बसवेना. एवढी शिकलेली माणसं, एवढे खापरपणजोबा, आणि एका माणसाच्या घरी जाऊन दोन घोट कॉफी पिण्याइतका धीर एकात नसावा! पद्माकररावांना काय ऐकवायचं, वसुमतीला काय, हे त्या मनात जुळवत राहिल्या. प्रत्येक वाक्य आधीच्याहून तिखट येत होतं. बैयप्पनहळ्ळी गेलं तशा त्या जरा शांत झाल्या. निदान आपण तरी आलो. तिथे गेल्यावर काय करायचं हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कॉफी समोर आली की लगेच हातात घ्यायची. मागे-पुढे बघायचं नाही. आणि संपली की पुन्हा मागायची, म्हणजे देवाप्पाला आणि त्याच्या बायकोला बरं वाटेल. ह्यात आधीपासून ठरवून ठेवण्यासारखं काय होतं, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

देवाप्पाचं घर स्टेशनापासून पाच मिनिटांवर होतं. दोन खोल्या, वर मंगळुरी कौलं, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात शेजारच्या शाळेतून आणलेली दोन लांब बाकं मांडली होती, मागे चटया, आणि भिंतीला टेकून एक नवा काळा रंगवलेला फळा. फळ्याचा रंग अजून ताजा होता. एका स्टुलावर छापलेल्या कागदांची चवड ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. ते वचन ग्रीकमध्ये, मोठ्या अक्षरात. मालकांना विचारून देवाप्पाने छापखाना सुटल्यावर स्वतः जुळवलं होतं आणि दहा प्रती काढल्या होत्या.

तो दारातच उभा होता. धुतलेला शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. त्याने सत्यवतीबाईंच्या मागे रस्त्याकडे एकदा बघितलं, आणि मग पुन्हा बघितलं नाही.

"या, बाई."

"बाकीचे पुढच्या वेळी येतील," सत्यवतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उगाचच चढला होता. "वसुमतीचे गुडघे धरलेत. पद्माकररावांची तर... जाऊ दे. मी बघते त्यांच्याकडे."

"सरी, बाई." देवाप्पाने दगड उचलून एक कागद काढला, त्यांच्या हातात दिला, आणि दगड पुन्हा नऊ कागदांवर ठेवला.

मग त्याने धडा सुरू केला. दोन रिकाम्या बाकांसमोर आणि एका बाईंसमोर, पण बेताबेताने, जणू सगळे आलेत. आधी पूर्ण वचन मोठ्याने वाचलं. मग त्यातला साच्याबद्दलचा शब्द फळ्यावर लिहिला, सुलट, वळणदार.

"आमच्याकडे खिळे जुळवून झाले की लोखंडी चौकटीत घालून आवळतात. त्याला फर्मा म्हणतात. एकदा आवळला की एकही खिळा हलत नाही. सगळे सरळ, सगळे सारखे. पौल सांगतो, जगाच्या फर्म्यात असे आवळून घेऊ नका. हलायला जागा राहू द्या."

सत्यवतीबाईंनी मान डोलावली. पद्माकरराव! चौकटीत आवळलेले पद्माकरराव त्यांच्या डोळ्यांसमोर अगदी स्वच्छ उभे राहिले.

"आता हा शब्द. आनाकाइनोसिस. नवं होणं." देवाप्पा थांबला. "खिळा फार वापरला की झिजतो, बाई. ठसा पुसट येतो. पण ते खिळ्याला कळत नाही. तो आपला फर्म्यात ताठ उभा असतो. वाचणाऱ्याला कळतं."

"अगदी बरोबर," सत्यवतीबाई म्हणाल्या. हे वसुमतीला ऐकवायला हवं होतं.

"झिजलेल्या खिळ्याला शाई जास्त लावून भागत नाही. घासून पुसून भागत नाही. तो फाउंड्रीत पाठवायचा. तिथे वितळवतात आणि पुन्हा ओततात. शिसं तेच, तोंड नवं. म्हणून वचनात पालटून घ्या असं नाही म्हटलेलं. पालटू द्या, असं आहे. खिळा आपण होऊन वितळत नाही. कुणीतरी उचलून भट्टीत टाकावा लागतो." तो जरासा हसला. "भट्टीत जायला त्याला आवडत असेल, असं मला वाटत नाही."

नऊ वर्षांत साहेबांनी हे असं एकदाही समजावलं नव्हतं. सत्यवतीबाईंना पुन्हा राग आला. असा माणूस इथे रिकाम्या बाकांना शिकवतो आहे, आणि ते सगळे आपापल्या घरी पाय पसरून बसलेत. पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून त्या बोलणार होत्या. नावं घेऊन बोलणार होत्या.

रिवाज धडा संपल्यावरचा, पण अर्धा धडा झाला तेव्हाच अंबुबाई बाहेर आली. देवाप्पाची बायको, पस्तिशीची, शांत चेहऱ्याची. तिच्या हातात कॉफीचा पेला होता. ती दोन पावलं अलीकडेच थांबली आणि पेला बाकावर ठेवायला वाकली. सत्यवतीबाईंनी तो खाली टेकू दिला नाही. तिच्या हातातून वरच्या वर घेतला, आणि फुंकरसुद्धा न घालता प्यायल्या. जीभ पोळली. पण कॉफी खरोखर उत्तम होती.

"अंबुबाई, अर्धा पेला आणखी दे मला."

अंबुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन तांब्या घेऊन आली आणि पेल्यात कॉफी ओतली. सत्यवतीबाईंनी तीही संपवली. त्यांना फार बरं वाटत होतं. सबंध दिवसात पहिल्यांदाच.

"एकदा तुझ्या हातची ही कॉफी त्या लोकांना पाजायला हवी," त्या म्हणाल्या. "मी सांगणार आहे त्यांना. बसवनगुडीत अशी कॉफी होत नाही म्हणावं."

अंबुबाई तांब्या हातात घेऊन उभी राहिली.

"माज्या हातची न्हवं ती, बाई."

"म्हणजे?"

"टेशनापुढं ब्राह्मणाचं हॉटेल हाय न्हवं, तिथनं आणली. तांब्या त्यांचाच. पेला आमी नवा घेतला. कालच. त्यात अजून कुणी प्यालं न्हाई."

सत्यवतीबाईंना क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं, आणि चेहरा तापला.

"कुणी सांगितलं हॉटेलातून आणायला?"

"कुणी न्हाई."

"मग? मी तुमच्या घरची कॉफी पिणार नाही असं वाटलं? मी?" त्या उभ्या राहिल्या. मांडीवरचा कागद खाली पडला. "अगं, तिथे पंचांपुढे तुमच्यासाठी भांडलं कोण? माझं नाव काढा म्हणाले मी वहीतून! आठ दिवस उन्हातून वणवण करतेय ती कुणासाठी? आणि त्या सगळ्यांच्या ओळीत तू मला बसवतेस? नवा पेला आणतेस माझ्यासाठी?"

"अंबू, पुरे," देवाप्पा म्हणाला.

"पुरे नाही. बोलू दे तिला. मला ऐकायचंय."

अंबुबाईने तांब्या बाकाच्या कडेला ठेवला. तिला राग आलेला दिसत नव्हता. खूप दिवस घरात पडून असलेली वस्तू मालकाला परत करावी, तसं ती बोलली.

"आत्या, ह्येंच्या आई, वारल्या तवा तुमी आला हुता, बाई. आमी तवा कॅन्टोन्मेंटातच हुतो, तबेल्यांच्या मागं. तुमी हुबं ऱ्हाऊन प्रार्थना केली. लई चांगली केली, समदी रडली. मग मी पानी दिलं. तुमी म्हनाला, उपास हाय."

"असेल उपास."

"नाताळाच्या दुसऱ्या दिशी, बाई?"

देवाप्पा फळ्याकडे तोंड करून उभा होता. हातातला खडू तो बोटांत फिरवत होता.

सत्यवतीबाईंनी तोंड उघडलं. त्या दिवशी आपल्याला बरं नव्हतं, असं त्या म्हणणार होत्या. डॉक्टरांनी काही सांगितलं होतं, असंही. पण आता त्यांना ती खोली दिसली. खोलीतली माणसं, त्यांच्याकडे बघणारी. पुढे आलेला हात, हातातला लोटा, आणि त्या लोट्याकडे न बघता, विचारसुद्धा न करता आपल्या तोंडातून निघालेला तो शब्द. नाताळ कालच होऊन गेला हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. त्या खोलीतल्या एकूण एक माणसाने आदल्या दिवशी नाताळचं जेवण केलं होतं, आणि एकूण एक माणसाने तो शब्द ऐकला होता. घरी परतल्यावर त्या स्वयंपाकघरात उभ्याने दोन पेले पाणी प्यायल्या होत्या. तहान लागली होती म्हणून. चार वर्षांत हे त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

"तवापास्नं तुमच्यातलं कुणी यायचं असलं की आमी हॉटेलातनं आणतो," अंबुबाई म्हणाली. "ज्येला त्येला बरं पडतं."

अंगणात कोंबड्या कागदाला टोचायला आल्या. देवाप्पाने त्यांना हुसकलं, कागद उचलला, झटकला आणि बाकावर ठेवला.

सत्यवतीबाई खाली बसल्या.

"घरात कॉफी आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हाय. आमच्यापुरती."

"तीच आण. आण माझ्यासाठी."

अंबुबाई हलली नाही. तिने सत्यवतीबाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथे अजून लाली होती, आणि हात पुढे आलेला होता, तळवा वर करून.

"आज नगं, बाई," ती म्हणाली. "आज तुमी रागानं प्याल."

"मग?"

"फुडल्या बुधवारी करते की. आलासा तर."

तिने तांब्या उचलला, तो नवा पेलाही उचलला, आणि ती आत गेली. सत्यवतीबाईंनी हात मागे घेतला. ह्यावर काही बोलणं भाग होतं, आणि जन्मभर त्यांना शब्दांची कधी वाण पडली नव्हती. त्या शोधू लागल्या. पद्माकररावांसाठी जुळवलेली वाक्यं होती, वसुमतीसाठी होती, रविवारच्या भाषणाची होती. सगळ्यांत राग होता. राग काढून टाकला तर त्यांच्यापाशी बोलायला काहीच उरत नव्हतं.

देवाप्पाने फळा पुसला आणि पुढचा शब्द लिहायला घेतला.